एक गाडीभर जागा

टेपकाका निवृत्त झाले आणि महिना उलटायच्या आत त्यांच्या लक्षात आलं, की आपल्याच घरात आपल्याला बसायला जागा नाही.

घर तसं बरं होतं. दुसऱ्या मजल्यावर, रस्त्याच्या बाजूला, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. पण इतकी वर्षं त्या घरात काकांनी जेवण आणि झोप यांपलीकडे काही केलंच नव्हतं. निवृत्त माणसाला मधला दिवसही काढावा लागतो आणि दिवस काही उभ्याने निघत नाही. जेवायच्या टेबलावर सुनेचं ऑफिस होतं. ती कॉम्प्युटरसमोर बसून दूरदेशीच्या साहेबांशी बोलायची आणि तिच्या मागून कोणी गेलं की ते साहेबांना दिसायचं. पहिल्याच दिवशी साहेबांना काका बनियनवर दिसले. तेव्हापासून काका बाथरूमला जाताना ओणवे होऊन जात. आतल्या खोलीत मुलगा झोपलेला असे, कारण त्याची रात्रपाळी. सोफ्याच्या एका टोकाला इस्त्री केलेले कपडे, दुसऱ्या टोकाला इस्त्री व्हायचे कपडे, आणि मधली जागा मोकळी दिसत असली तरी ती सीमारेषा आहे, तिथं बसायचं नाही, असं त्यांना बजावण्यात आलं होतं. राहता राहिलं स्वयंपाकघर. तिथं काकू होत्या, आणि तिथं पाऊल ठेवायची काकांची टाप नव्हती.

बरं, नुसतं बसायचं असतं तर काका जिन्यातही बसले असते. त्यांना लिहायला बसायचं होतं.

काका बँकेत मूल्यमापक होते. कोणी घरासाठी कर्ज मागितलं की त्या घरी जायचं, भिंतींना टिचक्या मारायच्या, कमरेची टेप काढून खोल्या मोजायच्या आणि हे घर खरोखर किती लायकीचं आहे ते साहेबांना कळवायचं, असं त्यांचं काम. त्या टेपमुळेच त्यांचं हे नाव पडलं, असं ते स्वतः सांगत. इमारतीतली मंडळी दुसरं कारण सांगत. काका एकदा जमिनीच्या भावावर बोलायला लागले की त्यांची टेप कोणाला थांबवता येत नसे. काहीही असो, शहरातली बहुतेक सगळी घरं, दुकानं आणि गोदामं त्यांच्या टेपखालून गेली होती. सुटली होती ती एकच गोष्ट, आणि निवृत्तीच्या समारंभात गळ्यात हार पडत असतानाच ती काकांना एकदम आठवली. रस्ते.

रस्त्यांचं मोल कोणी काढलंच नव्हतं. काकांच्या अंदाजाने शहराची पाव जमीन रस्त्यांखाली गेलेली होती, आणि तीही कुठली, तर अगदी मोक्याची. आयुष्यभर त्यांनी अहवालात ‘रस्त्यालगत’ एवढा एक शब्द लिहिला की घराचा भाव चढत असे. ज्याच्या नुसत्या शेजारी असल्याने दुसऱ्याची किंमत वाढते, त्याची स्वतःची किंमत काय असेल, हा प्रश्न त्यांना झोपू देईना. यावर एक ग्रंथ लिहायचा त्यांनी निश्चय केला. समारंभाच्या भाषणात तसं जाहीरही करून टाकलं. माजी साहेब म्हणाले, “वाट बघतो.” ते बहुधा चहाबद्दल बोलत होते, पण काकांनी ते मनावर घेतलं. आता ग्रंथ झाला नाही तर तोंड दाखवायला जागा नव्हती, आणि ग्रंथ लिहायला तर जागा आधीच नव्हती.

खिडकीत उभं राहून ते खालच्या रस्त्याकडे बघत. खिडकीच्या अगदी खाली तळमजल्यावरच्या दंतवैद्यांची मोटार उभी असे. या मोटारीला दंतवैद्यांनी अंगाबरोबर शिवून घेतलेली खोळ होती आणि ती खोळ सहसा निघत नसे, कारण गाडी हलवली की जागा जाईल अशी त्यांना धास्ती होती. ते दवाखान्यात चालत जात, बाजारात चालत जात, आणि गाडी जागा धरून बसलेली असे. काकांनी एकदा खाली उतरून त्या मोटारीभोवती टेप लावली. वर येऊन हिशेब केला आणि त्यांना घाम फुटला. मोटारीखालची जमीन मोटारीपेक्षा कितीतरी महाग होती.

“म्हणजे बघ,” ते काकूंना स्वयंपाकघराच्या दाराबाहेरून म्हणाले, “त्या डबड्याला शहरातली सगळ्यात महाग जमीन फुकट. आणि मी इतकी वर्षं नोकरी करून माझ्या वाट्याला काय? मुलाच्या पलंगाला जागा, सूनबाईच्या टेबलाला जागा, फ्रिजला जागा, धुण्याच्या यंत्राला जागा. मला शून्य.”

काकू कणीक मळत होत्या. त्या “हं” म्हणाल्या.

एके दिवशी दंतवैद्य सासऱ्यांना स्टेशनवरून आणायला गाडी घेऊन गेले. काकांनी संधी साधली. घडीचं टेबल आणि घडीची खुर्ची खाली नेऊन त्यांनी बरोबर त्या चौकोनात मांडली, कागद पसरले, वर दगड ठेवले आणि पहिलं वाक्य लिहायला घेतलं. तेवढ्यात समोर एक बाई येऊन उभ्या राहिल्या आणि वीजबिलाची तक्रार इथंच घेता का, असं विचारू लागल्या. त्यांच्यामागे एक गृहस्थ येऊन उभे राहिले. त्यांना कशाची रांग आहे ते माहीत नव्हतं, पण नंबर लावून ठेवावा असा त्यांचा विचार होता. काकांनी समजावून सांगायला सुरुवात केली तसा रांगेला जोर चढला, कारण खिडकीवरचा माणूस इतकं सविस्तर बोलतो हे लोकांनी कधी पाहिलं नव्हतं. रांग वळणापर्यंत गेली असताना दंतवैद्य सासऱ्यांना घेऊन परतले आणि आपल्या जागेवर टेबल बघून सरळ वाहतूक पोलिसाला घेऊन आले.

पोलीस भला माणूस होता. त्याने आधी रांगेतल्या लोकांना घरी पाठवलं, मग काकांना म्हणाला, “काका, ही गाडी लावायची जागा आहे. टेबल लावायची नाही.”

“माझ्याकडे गाडी नाही,” काका म्हणाले. “म्हणून मी स्वतः बसलोय. गाडीपेक्षा कमीच जागा लागते मला.”

“ते दिसतंय. पण बसायचंच असेल तर गाडी आणा आणि गाडीत बसा. गाडीत बसायला कोणाची ना नाही.”

हे तो सहज बोलून गेला. पुढे जे रामायण घडलं त्याचं मूळ हेच वाक्य, पण त्याचा त्या बिचाऱ्याला अजून पत्ता नाही.

काका एकदम गाडीवर उडी मारणाऱ्यांपैकी नव्हते. आधी रीतसर मार्गाने जाऊ म्हणून ते पालिकेत गेले. टेबलाएवढ्या जागेवर बसायची परवानगी द्या, भाडं घ्या, असं त्यांचं म्हणणं. रस्ते विभागातल्या माणसाने सांगितलं, की आमचं फक्त वरचं डांबर, खालची जमीन मालमत्ता विभागाची. मालमत्ता विभागात काकांना जरा घरच्यासारखं वाटलं. तिथं पालिकेच्या प्रत्येक जागेचं मूल्य काढून ठेवलेलं होतं: शाळांचं, बागांचं, पाण्याच्या टाक्यांचं, फार काय, सार्वजनिक मुताऱ्यांचंसुद्धा. काकांनी मोठ्या उत्सुकतेने विचारलं, की रस्त्यांखालच्या जमिनीचं मूल्य काय धरता.

“शून्य,” मालमत्ता अधिकारी म्हणाले.

“शून्य?”

“रस्ता काय विकायचाय का कोणाला? जे कधी विकायचं नाही, त्याला किंमत कशाला लावायची? रोज वापरात आहे, चाललंय.”

काका तिथून बाहेर पडले ते कोणीतरी मुस्काटात मारल्यासारखे. शहराची पाव जमीन आणि तिची किंमत शून्य. ज्या रस्त्यावरून हा मनुष्य रोज ऑफिसला येतो, ज्याच्याशिवाय त्याची सगळी मालमत्ता म्हणजे नुसती बेटं, त्याला शून्य. हा आपल्या शास्त्राचा अपमान आहे, असं ते घरी येऊन एकेकाला गाठून सांगू लागले. सून कामात होती, मुलगा झोपेत होता, तेव्हा स्वयंपाकघराच्या दाराबाहेरून काकूंनाच सगळं ऐकावं लागलं. त्यांनी सगळं ऐकलं आणि कुकरची शिट्टी झाली तसा गॅस बारीक केला.

आता ग्रंथ झालाच पाहिजे होता. काका गॅरेजवाल्याकडे गेले.

गॅरेजवाल्याने त्यांचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं. चालवायची नाही, फक्त बसायची, अशी गाडी मागणारं गिऱ्हाईक त्याला पहिल्यांदाच भेटत होतं आणि अशा गिऱ्हाइकासाठी तो बरीच वर्षं थांबलेला होता. मागच्या अंगाला एक जुनी बंद गाडी उभी होती. पूर्वी ती एका लाँड्रीकडे कपडे पोचवायला होती. “एकदम टकाटक आहे काका,” तो म्हणाला. “फक्त इंजीन नाही.” कागदपत्रं होती, विमा निघत होता, चाकं चार होती. काकांनी आतून टेप लावली. टेबल बसत होतं, खुर्ची बसत होती, पाय लांब करता येत होते. त्यांनी लगेच सौदा केला.

हे कळल्यावर अख्खी इमारत सल्ला द्यायला लोटली. वरच्या मजल्यावरच्या वकिलांनी सांगितलं, की कायदा पूर्णपणे काकांच्या बाजूने आहे, मात्र कुठला कायदा ते त्यांना बघावं लागेल. समोरच्या गाण्याच्या बाईंचं मत पडलं, की गाडीला आतून गादी मारून घ्या, म्हणजे आवाज बाहेर जाणार नाही. काका गाणार नव्हते, पण बाई गाणार होत्या हे पुढं कळलं. मुख्य अडचण वेगळीच होती. गाडी लावायची कुठे? गल्लीत एकच जागा अधूनमधून रिकामी व्हायची शक्यता होती, दंतवैद्यांची. आणि ती सासरे परत जातील तेव्हाच होणार होती. सासऱ्यांना तर जावयाकडे फार करमत होतं. मग इमारतीतले लोक जिन्यात भेटेल तिथं त्या म्हाताऱ्याची विचारपूस करू लागले. घरची आठवण येत नाही का? मागे घर बंद ठेवून बरं वाटतं का? हल्ली चोऱ्या किती वाढल्यात नाही? वकिलांनी तर त्यांना रेल्वेगाड्यांचं वेळापत्रकच आणून दिलं. शेवटी सासरे कंटाळले आणि निघाले.

दंतवैद्यांची मोटार कोपऱ्यावरून वळली आणि गॅरेजकडून इमारतीतले सगळे बाप्ये लाँड्रीची गाडी ढकलत निघाले. वकील पुढे राहून ‘येऊ द्या, येऊ द्या’ करत होते. मुलाला झोपेतून उठवून आणलं होतं, तो ढकलता ढकलता पुन्हा झोपला आणि त्याला गाडीबरोबर काही अंतर नुसतं नेलं गेलं. दंतवैद्य परत आले तेव्हा काकांची गाडी त्यांच्या जागेवर रुबाबात उभी होती. त्या संध्याकाळी दंतवैद्य गल्लीला इतक्या फेऱ्या मारत होते, की लोकांना वाटलं त्यांनी टॅक्सी सुरू केली.

पहिले काही दिवस काका स्वर्गात होते. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिव्याची वायर खाली सोडली होती. त्याच खिडकीतून काकू दोरीला पिशवी बांधून चहाचं झाकणवालं भांडं सोडत. भांडं गाडीच्या टपावर टेकलं की काका खिडकीतून हात बाहेर काढून ते आत घेत आणि काही कमीजास्त असेल तर दोरीला झटके देत. एक झटका म्हणजे ठीक. दोन झटके म्हणजे साखर कमी. काकांनी ग्रंथाचं नाव लिहिलं, अर्पणपत्रिका लिहिली, ती माजी साहेबांना केली, मग खोडली.

तिसरं पान मात्र होईना, कारण गाडीच्या अंगावर अजून मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं: ‘मळके द्या, चकचकीत घ्या’. लोक द्यायला लागले. काका डोकं वर काढत तो दारात गाठोडी. एक जण कोट टाकून गेला, दोन दिवसांनी आला आणि कोट जसाच्या तसा मळका परत मिळाल्यावर चारचौघांत काकांना वाट्टेल ते बोलला. पस्तीस वर्षं काकांनी लोकांच्या घरांना नावं ठेवली होती. त्यांच्यापुढे कधी कोणी ब्र काढला नव्हता. काकांनी रंगाचा डबा आणून ती अक्षरं पुसली.

मग घरचेच उलटले. सुनेला एक महत्त्वाची मीटिंग होती आणि वर शेजारी भिंतीला भोकं पाडत होते. “बाबा, तासभर देता का तुमची गाडी?” ती म्हणाली. मीटिंग इतकी छान झाली, की मग रोजच सकाळी ती गाडीत जाऊ लागली. मुलाला कळलं की खाली शांतता आहे, तो उशी घेऊन दुपारचा तिथं जाऊ लागला. गाण्याच्या बाईंना संध्याकाळ दिलेली होतीच, कारण त्यांचे यजमान गाडी ढकलायला सर्वांत पुढे होते. वकिलांनी एक वेळापत्रक करून दिलं. त्यात काकांना पहाटेची वेळ आली. पहाटे काकांना काही सुचत नाही.

तोवर गल्लीलाही काकांची युक्ती पटली होती. वकिलांनी छपराला गंज चढलेली रुग्णवाहिका आणून तिच्यात पुस्तकं भरली. कोणी व्यायामाचं यंत्र ठेवायला गाडी आणली, कोणी नुसती सासूसाठी आणली. गॅरेजवाल्याकडचा भंगाराचा ढीग संपला आणि तो शेजारच्या गावांतून माल मागवू लागला. हलतील अशा गाड्यांना आता गल्लीत थारा नव्हता. त्या दुहेरी उभ्या राहू लागल्या, मागून येणारे भोंगे वाजवू लागले, आणि त्या भोंग्यांच्या गदारोळात काका पहाटेची वेळही गमावून बसले. दंतवैद्य तर सूडाने पेटले होते. त्यांनी पालिकेचा एक नियम शोधून काढला: रस्त्यावरची गाडी जागची हलत नसेल तर ती बेवारस. वकिलांनी त्यावर तोड काढली, की मग रोज हलवू. तेव्हापासून रोज सकाळी गल्लीतले पुरुष जमायचे आणि गल्लीतल्या सगळ्या मेलेल्या गाड्या एक गाडीभर पुढे ढकलायचे. दुसऱ्या दिवशी एक गाडीभर मागे. सगळ्यांच्या पाठी धरल्या. दंतवैद्य दारात दात घासत उभे राहून हे बघत.

दंतवैद्य तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांच्या तक्रारीवर तक्रारी गेल्या आणि पालिकेतून काकांना खुलासा करायला बोलावणं आलं. काका तयारीनिशी गेले. रस्त्याची किंमत तुमच्याच म्हणण्याप्रमाणे शून्य असेल, तर मी तुमचं नुकसान किती केलं ते सांगा, असा त्यांचा बिनतोड मुद्दा होता. तो त्यांनी पाच टेबलांवर मांडला. पाचही टेबलांवर लोकांनी मान डोलावली आणि सहाव्या टेबलावर पाठवलं. सहावं टेबल जेवायला गेलं होतं.

काका परत आले तर गल्ली ओसाड. सगळ्या गाड्या उचलून नेल्या होत्या. त्यांच्या चौकोनात दंतवैद्यांची मोटार खोळ घालून उभी होती. वरून दिव्याची वायर तुटून लोंबत होती. काका गाडीपेक्षा तिच्यातल्या दोन पानांसाठी हळहळत जिना चढले. दार उघडंच होतं. सून मीटिंगमध्ये, मुलगा झोपलेला. काकांनी सवयीने स्वयंपाकघराच्या दाराबाहेर उभं राहून बोलायला सुरुवात केली. दंतवैद्य, पालिका आणि सहावं टेबल यांच्याबद्दल ते बरंच बोलले. आतून “हं” आलं नाही, तेव्हा त्यांनी आत डोकावून पाहिलं. काकू नव्हत्या.

सुनेने साहेबांकडे बोट वर करून ‘एक मिनिट’ अशी खूण केली आणि मग सांगितलं, “आई खाली गाडीत असतील ना. तुम्ही बाहेर गेलात आणि गाडी रिकामी असली की त्या जातात.”

काका मटकन खाली बसले. सीमारेषेवरच बसले, दोन्हीकडचे कपडे एक झाले.

उचललेल्या गाड्या ठेवायचं मैदान शहराच्या अगदी मधोमध होतं. एरवी त्या मैदानाचा चौरस फुटाचा भाव काकांना झोपेतून उठवून विचारला तरी सांगता आला असता. त्या दिवशी ते धापा टाकत आत शिरले आणि त्यांना तो आठवलाही नाही. लांबच लांब गाड्यांच्या रांगा होत्या आणि माणूस नव्हतं. शेवटच्या रांगेत, भिंतीलगत, त्यांना आपली रंगाचे फराटे मारलेली गाडी दिसली. दार सरकवलेलं होतं. काकू खुर्चीत रेलून, पाय टेबलावर टाकून बसल्या होत्या. पायांखाली ग्रंथाची दोन पानं होती.

“अगं, तू आत असताना गाडी उचलली त्यांनी?” काकांनी विचारलं. “हाक नाही मारलीस?”

“मारणार होते,” काकू म्हणाल्या. “पण गाडी चालायला लागली आणि बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी मला कोणी कुठं नेत होतं.”

“घाबरली नाहीस?”

“घाबरायचं काय? बघा तरी किती शांत आहे. इथं आल्यापासून मला कोणी काही मागितलं नाही.”

काकांनी चल म्हटलं. काकू म्हणाल्या, थोड्या वेळाने. मग काकांच्या आवडत्या हिशेबाबद्दल त्यांनी विचारलं. पुन्हा एकदा सांगा, घरातली कुठली जागा कोणाची. काकांनी उत्साहाने सांगितलं: मुलाचा पलंग, सुनेचं टेबल, फ्रिज, धुण्याचं यंत्र, आणि मला शून्य.

“आणि मला?”

 काकांनी मनातल्या मनात सगळं घर पुन्हा मोजलं. भिंतीपासून भिंतीपर्यंत सगळं वाटून झालेलं होतं.

“तू तर काय,” ते म्हणाले, “तू सगळीकडेच असतेस.”

“हो. रस्त्यासारखी,” काकू म्हणाल्या. “विकायची नाही, रोज वापरात आहे, चाललंय. तुमच्या त्या पालिकेतल्या साहेबांना एवढ्या शिव्या घातल्यात ना तेव्हा? मी ऐकत होते.”

काकांची टेप आयुष्यात पहिल्यांदा थांबली. त्यांना लाज वाटली, आणि ती लपवायला त्या एवढ्या मोठ्या मैदानात त्यांना जागा सापडेना. ते गाडीच्या पायरीवर बसले. मैदानावरचा रखवालदार येऊन सांगून गेला, की गाडी सोडवायची तर ती स्वतःच्या इंजिनावर बाहेर गेली पाहिजे, आणि आत बसलेल्या बाईंची नोंद सामानात करायची की कशात, ते त्याला साहेबांना विचारावं लागेल.

गॅरेजवाल्याने कुठलंसं जुनं इंजीन आणून बसवलं. ते खोकत खोकत सुरू होतं आणि एका दमात फार जात नाही, पण एक गाडीभर पुढे आणि एक गाडीभर मागे जातं. तेवढं चालवायला काकू गॅरेजवाल्याकडून शिकल्या. बाकीच्यांनी आपल्या गाड्या सोडवल्याच नाहीत, त्यामुळे गल्लीत आता जागाच जागा आहे आणि दंतवैद्यांशीही काकूंचं बरं जमतं; त्यांनी मोटार एक गाडीभर पुढे घेऊन खिडकीखालची जागा काकूंना दिली. गाडीची किल्ली एकच आहे आणि ती काकूंकडे असते. सुनेने तासभर मागितली, मुलाने मागितली, गाण्याच्या बाईंनी यजमानांच्या पाठीची आठवण करून दिली. काकू सगळ्यांना “हं” म्हणाल्या.

काका आता स्वयंपाकघरात असतात. काकू खाली गेल्यामुळे घरात तेवढी एकच जागा रिकामी झाली. ओट्याच्या टोकाला कागद ठेवून ते उभ्याने ग्रंथ लिहितात. पहिल्या दिवशी सवयीने त्यांनी तिथं टेप लावली आणि आकडा बघून त्यांना वाटलं आपलं चुकलं. पुन्हा लावली. दंतवैद्यांच्या मोटारीच्या निम्म्याहून कमी. इतक्या जागेवर बँकेने कर्ज मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवलं असतं. काकांनी हा आकडा ग्रंथाच्या पहिल्या पानावर घातला आणि त्याच्यापुढे किंमत लिहायची म्हणून पेन उचललं. ते पान अजून तसंच आहे.

परवा दुपारी त्यांना पहिल्यांदाच एक चांगला परिच्छेद सुचला होता. पण चार वाजत आले होते, म्हणून त्यांनी पेन ठेवलं, चहा टाकला, गाळला, भांड्याचं झाकण घट्ट लावलं आणि पिशवी दोरीने जपून खाली सोडली. भांडं टपावर टेकल्याचा आवाज आला. गाडीच्या खिडकीतून एक हात बाहेर आला आणि पिशवी आत गेली. काका दोरी धरून खिडकीत उभे राहिले.

बऱ्याच वेळाने खालून दोन झटके आले.